जिनपासून कॉटन ग्रीनपर्यंत: मुंबईच्या जुन्या गोदामपट्ट्यात पायी फिरायला जाणाऱ्या खान्देशकरांसाठी

आपल्याकडचा माणूस मुंबईला जातो तो साधारण तीन कामांसाठी: दवाखाना, मंत्रालय आणि नात्यातलं लग्न. मी गेली काही वर्षं लोकांना चौथ्याच कामासाठी नेतो. गोदामं बघायला. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा घरचेच हसले. "गोदामं बघायची तर आपल्या मार्केट कमिटीत काय कमी आहेत?" असं म्हणाले.

माझं अर्धं आयुष्य जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, रुईची प्रत बघण्यात गेलं. आमच्या प्रेसमधून बांधून निघालेली गाठ ट्रकमध्ये चढली की माझा तिच्याशी संबंध संपायचा. पुढे ती कुठे उतरते, कुठल्या छपराखाली थांबते, हे बघायला मी गेलो तो नोकरी सुटल्यावर. तिथे कळलं, की मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर एक अख्खा पट्टा या थांबण्यासाठीच उभा राहिलाय आणि त्यात खान्देश-वऱ्हाडच्या कापसाचा वाटा मोठा आहे. तुम्ही पहिल्यांदाच जाणार असाल तर इमारतींच्या मागे लागू नका, एका गाठीच्या मागे लागा. गाठ कुठून आली, कुठे टेकली, कोणी उचलली, हे विचारत गेलात की इमारती आपोआप कळतात.

आधी गावातला जिन बघा

मुंबईचं तिकीट काढण्याआधी हे काम करा. हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर ते साधारण फेब्रुवारीपर्यंत, धरणगाव, बोदवड, जामनेर, चोपडा, कुठल्याही बाजूला जा, जिन चालू असतो. मालकाला किंवा मुनीमजींना आदल्या दिवशी विचारा. सरळ फाटकातून आत शिरू नका, आणि तंबाखू-बिडीवाल्यांना बाहेरच ठेवा. कापसाच्या ढिगाजवळ काडी ओढणाऱ्याला तिथे कोणी माफ करत नाही.

आत तीन गोष्टी बघा. एक, कापूस जिनात पडून सरकी खाली आणि रुई पुढे जाते ते. क्विंटलभर कापसातून साधारण तेहतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. दोन, प्रेस. रुईच्या डोंगराची चौकोनी, दगडासारखी टणक गाठ होते, ती आज १७० किलोची असते. म्हणजे एका गाठीत पाच क्विंटल कापूस बसलेला असतो. जुन्या मुंबईत हीच गाठ ३९२ पौंडांची धरत आणि अशा दोन गाठींची एक खंडी. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटच्या थांब्यावर लागेल.

तिसरी गोष्ट हाताने करायची. तिथल्या जाणत्या माणसाला रुईची तार काढून दाखवायला सांगा. तो चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरतो, हळू ओढून तोडतो, एक भाग दुसऱ्यावर ठेवतो, पुन्हा ओढतो. चार-पाच वेळा असं केलं की कचरा आणि आखूड तंतू गळून जातात आणि बोटांत एक नीट विंचरलेली, रेशमासारखी बट उरते. तिची लांबी तो नखाने मोजतो. आपल्याकडच्या चांगल्या मालाची ती आज साधारण २९ मिलिमीटर भरते. कापसाच्या भावाचं बरंचसं भांडण या बोटभर बटेवर चालतं. येताना थोडी रुई कागदाच्या पुडीत बांधून घ्या. मुंबईत ती खिशात हवी.

दिवस, गाडी आणि गाईड

रविवारी जाऊ नका. मी एकदा सतरा माणसं घेऊन रविवारी गेलो होतो. मशीद बंदरला शटरं बंद, हातगाड्या उलट्या करून भिंतीला टेकवलेल्या आणि कुत्री झोपलेली. बॅलार्ड इस्टेट रविवारी छान मोकळं मिळतं हे खरं, पण गोदामपट्टा बघायचा तर तो चालू असतानाच बघावा. मंगळवार ते शुक्रवार उत्तम. महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. आपण ४५ अंशांत शेतात उभे राहणारे लोक, मुंबईचं ऊन ते काय, असं वाटतं. पण तिथला घामच वेगळा, तो वाळतच नाही. एप्रिलमध्ये नेलेले भुसावळचे दोन धट्टेकट्टे गडी दुपारी बाराला फुटपाथवर बसले होते.

जळगावाहून मुंबई सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. रात्रीची गाडी धरा आणि सीएसएमटीलाच उतरणारी धरा, दादरला उतरून पुन्हा गर्दीत शिरण्याचा ताप नको. तोंड धुणं, संडास, चहा हे सगळं स्टेशनातच उरका, पुढच्या रस्त्यावर सोय कमी. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या.

गाईड घ्यावा का? पहिल्यांदा घ्यावा. मुंबईत पायी फेऱ्या काढणारे बरेच आहेत. पैसे देण्याआधी चार गोष्टी फोनवर विचारून घ्या: मराठीत सांगणार का, एका वेळी किती माणसं, गोदी किंवा एखाद्या इमारतीच्या आत नेणार असेल तर परवानगी कोणाच्या नावे आहे, आणि गोदामांत काम करणाऱ्यांशी बोलू देणार का. शेवटच्या प्रश्नावर गाईड गडबडला तर दुसरा बघा. आम्हाला एकदा असा मिळाला, की प्रत्येक दारापुढे थांबून वास्तुविशारद, साल, शैली, चला पुढे. अडीच तासांत बावीस इमारती दाखवल्या आणि एक पोतं दाखवलं नाही. गाईडला आधीच सांगून ठेवा, की आम्ही कापसाच्या गावचे आहोत, माल कसा हलत होता ते सांगा. चांगला गाईड यावर खूष होतो, उलट तोच तुम्हाला चार प्रश्न विचारतो.

पंधराच्या वर माणसं नेऊ नका. अरुंद गल्लीत वीस माणसं उभी राहिली की हमालाची वाट अडते आणि मग जे ऐकून घ्यावं लागतं ते गाईडच्या माहितीत नसतं.

पहिला थांबा: टाऊन हॉलच्या पायऱ्या

सीएसएमटीहून चालत पंधरा-वीस मिनिटांवर हॉर्निमन सर्कल. समोर टाऊन हॉल, १८३३ चा, एशियाटिक लायब्ररीचा. त्याच्या पायऱ्यांवर बसा आणि रुईची पुडी सोडा.

समोर जी गोल बाग आणि तिच्याभोवती एकसारख्या इमारती दिसतात, ते सगळं १८७२ च्या सुमाराचं. त्याआधी इथे मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन. या मैदानात कापसाच्या गाठींच्या थप्प्या उघड्यावर पडलेल्या असत. सगळ्या किल्ल्यात तंतू उडायचे, धूळ, बैलगाड्यांची दाटी, आगीची भीती. शेवटी १८४४ मध्ये कापसाला इथून उठवून कुलाब्याला धाडलं. तिथली जागाही कॉटन ग्रीन झाली. पुढे १९२० च्या दशकात कापूस कुलाब्याहून शिवडीच्या बाजूला भराव घालून केलेल्या जमिनीवर गेला आणि नावही सोबत घेऊन गेला. म्हणून आज लोकलच्या पाटीवर जे 'कॉटन ग्रीन' दिसतं त्यातलं 'ग्रीन' हे इथलं आहे, तुम्ही बसलात त्या पायऱ्यांसमोरचं.

याच परिसरात वडाखाली दलाल जमायचे आणि त्यातून पुढे १८७५ मध्ये शेअर बाजाराची संघटना उभी राहिली. अमेरिकेतलं यादवी युद्ध, १८६१ ते १८६५, याच दलालांच्या पथ्यावर पडलं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, मग इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्याकडचा माल तेव्हा मुंबईला कसा पोहोचत होता याचा विचार करा. थळ घाटातला, म्हणजे कसाऱ्याचा, रेल्वेमार्ग सुरू झाला १ जानेवारी १८६५ ला. युद्ध त्याच वर्षी एप्रिलमध्ये संपलं. म्हणजे तेजीची जवळजवळ सगळी वर्षं घाट बैलांनीच उतरवला. सलग गाडी आली आणि भाव कोसळले. शेतकऱ्याचं नशीब तेव्हाही असंच.

बॅलार्ड इस्टेट

इथून गोदीच्या दिशेला दहा मिनिटांत पोहोचाल. अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीचा भराव टाकून १९१४ ते १९१८ या काळात पोर्ट ट्रस्टने हा भाग वसवला. आराखडे जॉर्ज विटेटचे, ज्याने गेटवे ऑफ इंडिया केलं. नाव पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचं. ही गोदामं नव्हेत, जहाज कंपन्यांची कचेऱ्यांची वस्ती. माल एकीकडे, कागद दुसरीकडे. आपल्या गावात आडत्याची गादी आणि गोडाऊन वेगळं असतं तसंच. फोटो काढायचे ते इथे काढून घ्या, सावलीही आहे. अर्ध्या तासाच्या वर रेंगाळू नका.

एक सूचना मात्र कडक. गोदीच्या फाटकांचे, भिंतीवरच्या पहाऱ्याचे फोटो काढायचे नाहीत. आमच्यातल्या एका उत्साही मास्तरांनी फाटकापाशी सेल्फी घेतला. पाऊण तास सगळ्यांना थांबवलं, फोटो पुसायला लावले आणि आधार कार्ड दाखवावं लागलं. आत जायचं तर परवानगी आधी लागते, दारावर गोड बोलून काम होत नाही.

पी. डिमेलो रस्त्याने उत्तरेला

हा रस्ता पूर्वीचा फ्रिअर रोड. आता गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचं नाव आहे. उजवीकडे गोदीची भिंत सोबत चालते. गंमत म्हणजे फाटकांना रंगांची नावं आहेत: ग्रीन गेट, रेड गेट, ऑरेंज गेट, यलो गेट. पोलीस ठाण्यालासुद्धा यलो गेट म्हणतात.

भिंतीपलीकडे प्रिन्सेस डॉक (१८८०) आणि व्हिक्टोरिया डॉक (१८८८) होते, आता बुजवलेत. इथे कुठेतरी भिंतीच्या सावलीत थांबून १४ एप्रिल १९४४ ची हकिगत ऐका, आणि गाईड विसरला तर आठवण द्या. 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलेलं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, सोन्याच्या विटा आणि कराचीला चढवलेल्या हजारो कापसाच्या गाठी. दुपारी धूर दिसला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. जळती रुई आसपासच्या वस्तीवर पडली आणि गोदामंच्या गोदामं पेटली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलला आपल्या नगरपालिकेच्या बंबखान्यातही जो दिवस पाळतात, तो यांच्यासाठी.

बहुतेक लोक सोन्याच्या विटांवर अडकतात, एक वीट उडून लांबच्या कोणाच्या घरात पडली वगैरे. जिनातला माणूस गाठींवर अडकतो. दाबलेल्या गाठीला आग लागली की ज्वाळा दिसत नाही, ती आतल्या आत धुमसते. वरून कितीही पाणी मारा, मध्यापर्यंत ओल पोहोचत नाही. आमच्या यार्डात एकदा एक गाठ विझली म्हणून बाजूला ओढून ठेवली होती, तिसऱ्या दिवशी पहाटे तिने शेजारची ताडपत्री पेटवली. बोटीच्या पोटात अशा गाठी आणि स्फोटकं एकाच कप्प्यात होती. हे ऐकलं की पुढची गोदामं एकमेकांपासून सुटी का बांधली, हे विचारावं लागत नाही.

मशीद बंदर: इथे वेळ द्या

कर्नाक बंदराशी आलात की माणसांची चाल बदललेली दिसेल. इथला जुना कर्नाक पूल पाडून नवा झालाय, तो २०२५ मध्ये सिंदूर पूल या नावाने सुरू झाला. रुळांच्या पूर्वेला दाणाबंदर, पश्चिमेला बाजारपेठ. दोन्ही बाजू बघा.

नावापासून सुरुवात करू. ही मशीद मुसलमानांची नव्हे. सॅम्युएल इझिकेल दिवेकर या बेने इस्रायली गृहस्थाने १७९६ मध्ये बांधलेलं हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, ते आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. ती 'जुनी मशीद' अजून आहे आणि गल्लीला सॅम्युएल स्ट्रीट नाव आहे. बाहेरून बघा. आत जायचं असेल तर विचारून, डोकं झाकून.

आता गोदाम वाचायला शिका. एखादं जुनं निवडा, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभे राहा, आणि खालून वर बघत जा. जोतं किती उंच आहे? कमरेच्या आसपास किंवा थोडं वर असेल. ती उंची हौसेची नाही. बैलगाडीचा किंवा वाघिणीचा तळ आणि गोदामाची फरशी एका पातळीत आली की माल उचलावा लागत नाही, ढकलावा लागतो. धरणगावचे एक आजोबा आमच्यासोबत होते, पिशवी खाली ठेवून ते जोत्याला हात लावून आले आणि म्हणाले, "हाई तं आपला मालधक्का शे भो!" गाईडने दहा मिनिटं जे सांगितलं असतं ते तिथे संपलं.

मग दार. रुंद, बहुधा बाजूला सरकणारं, कारण उघडणाऱ्या झडपेला जागा लागते आणि गल्लीत जागाच नसते. उंबरठ्याची कड झिजलेली असते, हात फिरवून बघा. वर झरोके, अगदी छपराजवळ: हवा खेळावी, पण कोणाचा हात आणि ठिणगी पोहोचू नये. भिंतीवर रंगवलेला नंबर. आणि दाराच्या वर लोखंडी तुळई बाहेर आलेली दिसली तर समजा, वरच्या मजल्यावर माल दोरखंडाने चढवत होते.

इमारतीइतकंच माणसांकडे बघा. हातगाडी ओढणारा पुढे, ढकलणारे दोघे मागे, वळणावर पुढचा अंग तिरपं टाकतो आणि मागचा एक पाय ब्रेकसारखा रोवतो. पाठीवर पोतं घेतलेला माणूस थांबत नाही, त्याला थांबणं परवडत नाही, म्हणून तुम्ही बाजूला व्हायचं. बोलायचं तर चहाच्या टपरीवर, आधी चहा सांगून. "कुठले तुम्ही?" हा प्रश्न दोन्हीकडून झाला की गप्पा सुरू होतात. फोटो विचारल्याशिवाय नको.

मसाल्याच्या गल्लीत बायाबापड्यांची खरेदी सुरू होते, ती थांबवता येत नाही. वीस मिनिटं द्या, एकाच दुकानासमोर पुन्हा जमायचं ठरवा आणि डोकी मोजा.

कॉटन ग्रीन

मशीद स्टेशनवरून पुढे लोकलने जायचं. इथे नवख्यांची हमखास चूक होते: मशीदला ठाणे-कल्याणच्या स्लो गाड्याही थांबतात. त्यात बसलात तर भायखळ्याला जाल. आपल्याला हार्बरचा फलाट हवा. हार्बरच्या उत्तरेकडे जाणाऱ्या कुठल्याही गाडीत बसा: सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड आणि चौथं कॉटन ग्रीन. अकरा ते चार या वेळेत गर्दी सोसवते. जाताजाता सांगतो, देशातली पहिली विजेवरची गाडी याच मार्गावर, ३ फेब्रुवारी १९२५ ला, मुंबई ते कुर्ला धावली.

स्टेशनच्या बाहेर कॉटन एक्स्चेंजची इमारत आहे. ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन ही जुनी संस्था आज कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया म्हणून इथेच आहे. व्हॉट्सअॅपवर जो रुईचा भाव जिनवाले रोज बघतात, तो इथून निघतो आणि अजूनही खंडीतच निघतो, ३५६ किलोची खंडी. जिनात ऐकलेल्या ३९२ पौंडांच्या दोन गाठी म्हणजे ७८४ पौंड, किलोत करून बघा. गाठ १७० किलोची झाली, पौंड गेले, इंग्रज गेले, पण खंडी हलली नाही.

पलीकडे गोदामांच्या रांगा. बऱ्याच ठिकाणी आता कापूस नाही, दुसराच माल आहे किंवा नुसतं कुलूप आहे. पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे होती, बॅलार्ड पिअर ते वडाळा. तिचे रूळ काही ठिकाणी डांबरात बुजलेले दिसतात. ट्रकच्या चाकाखाली चमकणारी लोखंडाची रेघ शोधा आणि ती कुठल्या जोत्याकडे जाते ते बघा. मशीद बंदरला शिकलेलं सगळं इथे पुन्हा दिसतं, फक्त ऐसपैस: उंच धक्के, रुंद दारं, आगीसाठी सोडलेल्या मोकळ्या जागा. खासगी आवारात शिरू नका, रस्त्यावरूनच बरंच दिसतं.

इथे मी सगळ्यांना खिशातली रुई काढायला लावतो आणि प्रत्येकाने एकदा तार ओढायची. कापसाच्या घरात जन्मून कधीच न ओढलेली पोरं असतात. एकदा धक्क्यावर बसलेले एक म्हातारे हमाल आमच्याकडे बघत होते. उठून आले, माझ्या हातातली चिमूट घेतली, दोन झटक्यात बट काढली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "ओला होता माल." खरंच ओला होता, त्या वर्षी दिवाळीत पाऊस झाला होता.

परतीचं

पाय दुखत नसतील आणि थंडीचे दिवस असतील तर पुढचंच स्टेशन शिवडी, तिथल्या खाडीच्या चिखलात रोहित पक्षी येतात. भरती-ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा.

परतीची गाडी सीएसएमटीहून असेल तर हार्बरने उलटं या. दादरहून असेल तर लक्षात ठेवा, हार्बर दादरला जात नाही, कुर्ल्याला किंवा सीएसएमटीला गाडी बदलावी लागते. एलटीटीहून, म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनसहून, असेल तर कॉटन ग्रीनवरून पनवेल, बेलापूर किंवा वाशी पाटीची गाडी धरा आणि टिळकनगरला उतरा, तिथून एलटीटी जवळ. गोरेगाव पाटीच्या गाडीत चढू नका, ती वडाळ्याहून फुटते. आमचे मास्तर, तेच सेल्फीवाले, त्या गाडीत चढले होते. वांद्र्याहून त्यांचा फोन आला तेव्हा आमची गाडी सुटायला चाळीस मिनिटं होती.